बाकदार मुठीची एक सुरी घडवण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
धारदार वस्तू विभाग

विषय : मनाई केलेल्या आकाराची एकच सुरी घडवू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा मनाई आदेश.

माननीय महोदय,

१. मी हाताने सुऱ्या घडवते. काम सासऱ्यांनी शिकवले. त्यांची मूठ सरळ असे. माझ्या लहान हाताला ती पेलत नसे. म्हणून मी मूठ खाली झुकवली आणि अंगठ्यासाठी खाच ठेवली. सासरे म्हणाले, "ही सुरी आहे की पोपटाची चोच?" पुढे गिऱ्हाईक तीच मागू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच ती दुकानाच्या दर्शनी भागात टांगली. सुरीवर मी कधी नाव कोरले नाही. मूठ पाहूनच लोक ओळखत.

२. ते ओळखणेच आता अंगाशी आले आहे. मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींची बोटे संधिवाताने वाकली आहेत. त्यांच्यासाठी मी मूठ आणखी जाड, आणखी बाकदार केली होती. घरातली खोली कोणी वापरायची यावरून त्यांच्या मुलांचे भांडण झाले आणि थोरल्याने त्याच सुरीने धाकट्याला भोसकले. धाकटा जागीच गेला, थोरला तुरुंगात आहे. वर्तमानपत्रात सुरीचा फोटो आला. त्यानंतर लोक माझ्या सुऱ्या कागदात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागले.

३. या घटनेनंतर बाकदार मुठीवर मनाई करणारा आपला आदेश आला. त्यानुसार मी सरळ मुठीचा, गोल टोकाचा नमुना सादर केला. आपल्या कार्यालयातील कारकुनांनी तो फिरवून पाहिला व ते म्हणाले, "बाई, हीसुद्धा तुमचीच वाटते." दुसऱ्या नमुन्याचेही तेच झाले. तिसरी सुरी मी सासऱ्यांची जुनी सुरी पुढ्यात ठेवून, मोजूनमापून केली. ती हातात धरून त्यांनी विचारले, "मग इथे अंगठा आपोआप कसा बसतो?" मी खाच ठेवली नव्हती. निदान ठेवायची म्हणून ठेवली नव्हती. "हात बदलून या," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. 'नामंजूर' असा शेरा त्यांनी तिथेच मारला.

४. आकाराने कोणाला मारले नाही, असे मी येथे लिहिणार होते. परंतु ती मूठ धरणाऱ्याच्या हातात पक्की बसावी म्हणूनच मी घडवली होती, आणि ती थोरल्याच्या हातातही पक्की बसली. म्हणून मी भट्टी विझवली.

५. गेल्या आठवड्यात मावशी स्वतः आल्या. शिव्या द्यायला आल्या असतील असे समजून मी उठून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तशीच एक करून दे." मी म्हटले, "मावशी, तशीच कशी देऊ?" त्यावर त्या म्हणाल्या, "दुसरी हातात राहत नाही गं. एक गेला, एक आत आहे. एकटीपुरतं का होईना, चिरावं तर लागतंच. फक्त टोक ठेवू नकोस."

६. सबब, एका सुरीपुरती परवानगी द्यावी. हवे तर आपला माणूस भट्टीपाशी बसवावा. नाकारायचे झाल्यास कृपया लेखी, आणि थेट मावशींच्या पत्त्यावर कळवावे. त्यांना तोंडी सांगणे मला जमणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
सुऱ्या घडवणारी अर्जदार
दिनांक : ९ मार्च

सोबत : मनाई आदेशाची प्रत, नामंजूर झालेले तीन नमुने.