भिंतीकडे तोंड

दि. ३ जून

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. मजेत आहेस, काळजी नसावी, एवढंच. तेही बायकोच्या अक्षरात! अरे, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय तुला. ती फोनवर सांगत होती, अंगठ्याचे व्यायाम करत नाहीस, कवळ्यांच्या कामावर फिरकत नाहीस, आणि विचारलं की वसकन अंगावर येतोस. मेणातून दाढ कोरणारा हात असा मांडीवर पडून राहिला तर कसं व्हायचं?

सोबत खोकं पाठवतेय. माळ्यावर आपला जुना गुप्तहेरांचा गेम सापडला, दोन्ही रिमोटसकट. अंगठ्यानं जॉयस्टिक फिरवायची म्हणजे व्यायामच की! डॉक्टरांचं नाही तर नाही, ताईचं तरी ऐक.

माया आहेच, वेगळी काय लिहू?
तुझी ताई

दि. १४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. याला आपण खरंखुरं समजायचो, कमाल आहे! माणसांची तोंडं चौकोनी, आणि पहारेकरी गोळी लागली की आधी नाचतो, मग पडतो. खेळून बघितलं. हात झकास चालतोय, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. जरा कामात आहे, म्हणून हिच्याकडून लिहून घेतोय. तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय?

आहे तसा लोभ राहू दे.
बारक्या

दि. २२ जून

चि. बारक्यास,
अ. आ.

कामात म्हणे! आठवतं का, टीव्हीचा पडदा मधोमध कापलेला, वरचा अर्धा तुझा, खालचा माझा, ज्याच्या त्याच्या हेराला दिसेल ते त्यात, आणि एकमेकांना शोधून गोळी घालायची. मी आपलं सोडून तुझ्याच अर्ध्यात डोकावायचे, तू कुठे लपलास ते बघायला. मग तू लबाड, भिंतीला नाक लावून उभा राहायचास. पडद्यावर नुसती राखाडी भिंत! कुठल्या खोलीत आहेस, काही पत्ता नाही. मी अगदी रडकुंडीला यायचे.

तुझी पत्रं तशीच आहेत रे. नुसती भिंत. आता वळ बाबा. कुठे आहेस ते दिसू दे. मी काही गोळी घालणार नाहीये.

वाट बघणारी,
ताई

दि. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. त्याच लुळ्या उजव्या हातानं, स्वतः लिहितोय.

थाप मारली होती तुला. माझा हेर पहिलं दारसुद्धा ओलांडेना. अंगठाच सरकत नाही, तो बापडा कोपऱ्यात डोकं आपटत राहिला. रिमोट फेकून दिला मी. ताई, फार घाबरलोय गं. हा हात गेला तर मी कोण? दुसरं काही येतच नाही मला.

तुझं पत्र वाचून रडलो. मग दुसरा रिमोट हिच्या हातात दिला. हिची तर मजाच. पडद्यावर छताकडे बघत गोल गोल फिरते आणि मला शोधते. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं असेच धडपडतो. परवा माझा हेर दाराबाहेर पडला, तर ही गोळी मारायची सोडून टाळ्या पिटत बसली!

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन बसलो. पाकिटात मेणाची दाढ आहे. पुढून दाढ दिसते, मागून बटाटा. दुकानातल्या भिंगाखाली धरून नीट बघ, काही लपवलेलं नाही.

सवड काढून ये. खालचा अर्धा पडदा तुझाच आहे. खुशाल डोकाव.

तुझा,
बारक्या