तुआनतुआनचं पथ्य

तीर्थरूप ताई,

गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून कागदावरच वाकून नमस्कार. खोकला कसा आहे? फोनवर तुला ऐकू येत नाही (तरी "बरं, बरं" म्हणतेस), म्हणून लिहायला बसलो.

पोरगा आणि सून दक्षिणेला कारखान्यात गेल्यापासून नात माझ्याकडे आहे. वय अकरा महिने, नाव तुआनतुआन, म्हणजे गोलमटोल (नाव ठेवलं तेव्हा ती तशी होतीही). सून दुधाच्या पावडरीचे डबे ठेवून गेली होती. मी म्हटलं, डब्यातलं दूध उष्ण, अंडं जड, मटण म्हणजे अंगात आगच, नासपती फार थंड. वगळता वगळता उरली राळ्याची पेज. तीही बेताची, कारण आई म्हणायचीच ना, लेकरू सुखरूप हवं तर दहातले तीन वाटे उपाशी ठेवा, तीन वाटे गारठलेलं.

पोर इतकी शहाणी झाली की रडणंच थांबलं. शेजारच्या फानकाकूंना मी मिरवत होतो, बघा पथ्याचा गुण! त्या म्हणाल्या, "अहो आजोबा, रडायला अंगात बळ नको? उचला तिला आधी!"

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणजे कालची पोर. तिने तुआनतुआनच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि मला विचारलं, "आजोबा, कोंबड्या आहेत घरी?"

"आहेत की, सात."

"काय घालता त्यांना?"

मका, पाला, गांडुळं, शिंपल्यांचा चुरा... सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. तिने सलाईन लावायला घेतलं. शीर सापडायला तीनदा सुई टोचावी लागली. तेव्हा पोर रडली, ताई. आवाज इतका बारीक की मी इकडेतिकडे मांजर शोधलं.

नऊ दिवस ठेवून घेतलं. आता बलक खाते, कुस्करलेली कलेजी खाते. पेजही खाते.

एक विचारायचं होतं. आपला धाकटा भाऊ गेला त्या वर्षी आई ही म्हण रोज म्हणायची. मी पाचाचा होतो, तू अकराची. ते पथ्य होतं, की घरात दाणा नव्हता?

तुझा,
माओलिन

ता. क. सुनेला कळलंय. शनिवारी येते आहे. तू शुक्रवारीच ये. तुझ्यासमोर ती मला बोलणार नाही.

ता. क. खरं सांगू? ती तशीही काही बोलणार नाही. पोरीला उचलेल आणि जाईल. तू रविवारी आलीस तरी चालेल.