धुवायचा आहे. अर्जंट.

३ फेब्रुवारी
माळा आवरताना कॉलेजातला कॅमेरा सापडला. फिल्मचा. बटण दाबलं तर चक्क चालला. मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यातला एकही मी पुन्हा उघडून पाहिलेला नाही. संकल्प: आजपासून डिजिटल बंद. फोटो मोजकेच, पण विचार करून. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी माळा विचार करून आवर.
माळा अर्धा राहिला. उद्या.

७ फेब्रुवारी
चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे छत्तीस फोटोंचा रोल मिळाला. रोल धुवायला तो बाहेरगावी पाठवतो, महिना लागतो. त्याने विचारलं, हौस म्हणून का? जरा लागलंच मनाला. माझ्यातल्या कलाकाराला संसाराने दाबून ठेवलं होतं, त्याला हौस म्हणत नाहीत. पण पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला हे काय सांगणार.

११ फेब्रुवारी
कॅमेरा ऑफिसात नेला. जिन्यातली सावली टिपत होतो. साहेबांनी रिपोर्ट मागितला. म्हणालो, आत्ता उजेड चांगला आहे. त्यांना कळलं नाही. कळणारही नाही.

१६ फेब्रुवारी
परवा मावशी येणार. आईची मोठी बहीण. हल्ली तिला विसरायला होतं, कधी पोटच्या मुलालाही ओळखत नाही. पण एखादा दिवस चांगला जातो म्हणे. आई म्हणाली, आम्हा दोघींचा एकत्र असा फोटोच नाही रे, एक चांगला काढ. आता नाही काढला तर राहूनच जाईल.
आई योग्य माणसाशी बोलली आहे.

१८ फेब्रुवारी
मावशीने आईला ओळखलं! दारातच ‘ठके’ म्हणून हाक मारली. लहानपणीचं नाव. आई रडायलाच लागली. लेकीने लगेच मोबाईल काढला. मी तिला थांबवलं आणि घरात मोबाईलबंदी जाहीर केली. लेक म्हणाली, बाबा, एकच काढते. नाही म्हणजे नाही. असे क्षण मोबाईलने बाटवायचे नसतात.
दोघींना खिडकीशी बसवलं. पडदा सारखा केला, उशा हलवल्या, मावशीची मान थोडी वळवली. भरपूर वेळ घेतला. फोटो तीनच. पण काय फोटो!
चहा होईपर्यंत मावशी पुन्हा हरवली. आईला म्हणाली, बाई, तुम्ही कुठल्या? मग तिचा मुलगा तिला घेऊन गेला. आई बराच वेळ दारात उभी होती. वाईट वाटलं. पण फोटो आहे. नशीब, मी होतो.

२३ फेब्रुवारी
आईने विचारलं, फोटो आला का? समजावून सांगितलं की रोलमध्ये अजून अकरा शिल्लक आहेत. अर्धवट रोल धुवायला देणं म्हणजे नासाडी. ती म्हणाली, बरं. ‘बरं’ म्हणताना तिने कानाचं मशीन नीट केलं. ऐकू आलं नसेल असं समजून पुन्हा सांगितलं. ऐकू आलं होतं.

२ मार्च
नळ काढला. एक कबुतर काढलं. साहेबांची रिकामी खुर्ची काढली (प्रतीकात्मक). उरलेल्यांसाठी योग्य विषय मिळत नाही. घाई हा कलेचा शत्रू.
आईने विचारलं. सांगितलं, होतंय.

९ मार्च
रोल संपला. शेवटचे चार कबुतरावरच घालवले, कारण बायको म्हणाली, आज संपव, नाहीतर मी संपवते.
रोलची प्लास्टिकची डबी कुठे गेली कोण जाणे. उजेड लागू नये म्हणून रोल रुमालात घट्ट बांधला. चिठ्ठी खोचली: ‘धुवायचा आहे. अर्जंट.’ सकाळी समोर दिसावा म्हणून वॉशिंग मशीनवर ठेवला, निघताना तिथूनच जातो. आता विसरणं शक्यच नाही.

१० मार्च
विसरलो.
संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर रुमाल. इस्त्री केलेला. शेजारी रोल. आई म्हणाली, चिठ्ठी वाचली, अर्जंट लिहिलं होतंस म्हणून लगेच गरम पाण्यात टाकला. गाठ सुटेना, मग तशीच टाकली. आत हे निघालं, ते पुसून ठेवलंय.
तो रोल, तो रुमाल. दोन्ही ‘धुवायचा’. इतकी वर्षं ही भाषा बोलतोय आणि तिने असा दगा द्यावा.
आईने रुमाल घडी घालून माझ्या हातात दिला. तिला काय सांगणार? म्हणालो, काही होत नाही, रोल आतून वॉटरप्रूफ असतो.
असेलही. कंपन्या एवढा विचार करतच असतील.

१४ मार्च
स्टुडिओवाल्याने रोल कानाशी धरून हलवला. त्याच्या कॉलरवर पाणी पडलं. म्हणाला, नका पाठवू, उगाच आशा लागते. मी म्हणालो, पाठवा. ह्या लोकांना सकारात्मक राहता येत नाही.

२ एप्रिल
रोल परत आला. सगळा एकाला एक चिकटलेला, मधूनमधून काचेसारखा स्वच्छ. साबणाचा वास येतोय. कबुतरही गेलं.
आईने विचारलं. म्हणालो, तिकडे रांग आहे. तोंडातून निघून गेलं.

६ एप्रिल
आईने फ्रेम आणली. लाकडी. भिंतीवर जागाही ठरवली आहे. खिळा मलाच ठोकायला लावला. ठोकला.
लेकीला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी चोरून एखादा काढला असशील ना? रागावणार नाही. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणालात ना. आयुष्यात पहिल्यांदा कार्टीने माझं ऐकलं.
बायको म्हणाली, तू सांगतोस की मी सांगू? म्हणालो, योग्य वेळ पाहतोय. ती म्हणाली, अजून अकरा शिल्लक आहेत का?

९ एप्रिल
जेवायला बसलं की तो खिळा थेट माझ्या ताटासमोर येतो. मला माझी लाज वाटते. हे वाक्य उद्या खोडणार नाही.

११ एप्रिल
सांगितलं. रोल खराब झाला, एकही फोटो नाही, चूक माझी, रुमालाची नाही. वाटलं, रडेल. आई रडली नाही. म्हणाली, फोटोचं राहू दे. एक विचारू?
विचार म्हणालो.
‘तू काढत होतास तेव्हा ताई माझा हात धरून काहीतरी सांगत होती. शहाण्यासारखी, अगदी पूर्वीसारखी. तू फोटोत वाईट दिसतं म्हणून मला कानाचं मशीन काढायला लावलं होतंस. काय म्हणाली रे ती? तू समोरच होतास.’
खूप आठवून पाहिलं. उजेड आठवला. पडद्याची सुरकुती आठवली. कॅमेऱ्यावर लावलेले आकडे आठवले, एफ आठ, एकशेपंचवीस. मावशी काही बोलली हेच मला आज कळत होतं.
म्हणालो, आई, मला नाही ऐकू आलं.
‘मलाही नाही,’ आई म्हणाली. ‘तू ओरडत होतास ना, मावशी, बोलू नकोस, हलू नकोस. मला तेवढंच ऐकू आलं.’
मग तिने विचारलं, भात वाढू का. मी हो म्हणालो.