मोजपट्टीचा तवा

४ जून
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
हसू नकोस, मी स्वयंपाक शिकतो आहे. ही गेल्याला आठ महिने झाले. पोरीचं म्हणणं, मी एकटा राहून हाल करून घेतोय, तेव्हा कायमचं तिच्याकडे यावं. मला ते नको. जन्मभर कारखान्यात लेथ चालवला, आता कुणाच्या घरी जपून ठेवायची वस्तू होणं जिवावर येतं. शेवटी ठरलं, तीस तारखेला ती दोन दिवस येईल, माझ्या हातचं खाईल आणि मग निकाल देईल.

तू वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलंस, म्हणून विचारतो. दुकानदारानं ओव्हन, बिनतेलाचं तळायचं यंत्र, अंडी उकडायचं यंत्र, काय काय दाखवलं. अंड्यांच्या यंत्रात पाणी मोजायचं इवलंसं माप असतं, ते मला फार आवडलं. घेऊ का? आणि पातेल्याचा तळ किती मिलिमीटर असावा? हे विचारलं तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.
धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

९ जून
चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.
अंडी उकडायला यंत्र? उद्या पाणी प्यायलाही घेशील! धारदार सुरी, चिरायची फळी, जाड बुडाचं पातेलं, त्यावर घट्ट बसणारं झाकण आणि एक उलथनं, एवढंच आण. आम्हाला वसतिगृहात मोठ्या हौसेनं बटाटे सोलायचं यंत्र दिलं होतं. ते बटाट्याची गोटी करून हातात ठेवायचं. मिलिमीटर मला ठाऊक नाहीत. पातेलं उचल, मनगटाला वजन जाणवलं की घे.

तवा मात्र नवा घेऊ नकोस. भावजयीचा काळा बिडाचा आहे, त्याला तोड नाही. बोटं सांभाळ.
तुझी आक्का

१५ जून
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
सगळं आणलं. तवा तर बघत राहशील! वर्षानुवर्षांचा काळा थर होता. जुन्या कारखान्यात नेऊन यंत्रावर घासला, आता त्यात तोंड दिसतं. पण अंडं टाकलं की चिकटून बसतं. बटाट्याचंही तेच. सगळे काप तीन मिलिमीटरचे होते, व्हर्नियर लावून तपासले. चुकतंय कुठे?
रागावलीस तरी उत्तर लवकर दे.
तुझा भाऊ

१९ जून
चि. शहाण्यास,
अ. उ. आ.
अरे कर्मा! तो मळ नव्हता रे. तेल लावून तापव, पुन्हा लावून तापव, असा तिनं तीस वर्षं तो तवा घडवला होता. तू तिची मेहनत एका दुपारीत घासून टाकलीस. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग रडूही आलं.

आता रोज दोनदा तेलाचा अगदी पातळ हात फिरव, धूर येईपर्यंत तापव, निवू दे. किती थेंब ते विचारू नकोस. तीस वर्षं भरून येणार नाहीत, पण अंडं थोडंफार सुटेल.
परीक्षेला आशीर्वाद.
तुझी आक्का

३ जुलै
ती. आक्कास,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तव्याकडे बघवेना. घरातलं सगळं आपोआप होतं असं मी इतकी वर्षं समजत होतो, त्याची शरम वाटली. मग आठवडाभर तापवत राहिलो.

पोरगी आली. अंडं अर्धं सुटलं, अर्धं तव्यालाच राहिलं. भात बरा झाला, कांदा-बटाटा छान झाला. तिनं तीनदा मागून घेतलं, तेही मान खाली घालून. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर ती ऑफिसात मिळेल ते खाते आणि घरी बिस्किटांवर भागवते. तिच्या स्वयंपाकघरात चहाखेरीज काही होत नाही. आणि ही माझे हाल थांबवायला निघाली होती!

निघताना म्हणाली, मी पास झालो, खुशाल इथेच राहावं. मी जिंकलो होतो, पण मला जराही आनंद होईना. मी तिला सांगून टाकलं, दोन महिने मीच येतो, पण सांभाळून घ्यायला नाही, तुला जेवू घालायला. ती हसायला लागली आणि हसता हसता गळ्यात पडली.

तिच्याकडे गॅस नाही, काचेची सपाट विजेची शेगडी आहे म्हणे. तिच्यावर कोणती भांडी चालतात? मी मंगळवारी निघतोय. उत्तर तिच्या पत्त्यावर पाठव.
तुझा भाऊ