रिकाम्या कार्डावरची वर्गणी

इओसेफो,

मी इस्पितळात सफाईच्या पाळीला जाते आहे. अळकुड्या नारळाच्या दुधात शिजवून ठेवल्या आहेत. आज माझा उपास आहे, तेव्हा सगळ्या तुम्हीच संपवा. संध्याकाळच्या प्रार्थनेला माझ्यासाठी थांबू नका.

बँकेतून फोन आला होता. जुन्या क्रेडिट कार्डावरचं कर्ज आपण नव्या कार्डावर नेलं, ते वर्षभर बिनव्याजी आहे. पण जुनं कार्ड रिकामं झालं तरी तुम्ही बंद केलं नाहीत. चर्चच्या छपराची वर्गणी त्यावरच दिलीत. तिथे पहिल्यासारखंच व्याज चढतंय. म्हणजे आता आपली दोन कर्जं झाली.

का दिलीत ते मला ठाऊक आहे. मागे एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सगळ्यांची नावं आणि वर्गणीचे आकडे वाचले, आपला आकडा लहान निघाला, तेव्हा तुमचे थोरले भाऊ मागे वळून म्हणाले, "काय रे, सिडनीचं वारं लागलं का? सामोआत तर हात सढळ होता तुझा!" सगळे हसले. मीही हसले.

मला राग आलेला नाही. खरं तर काहीच वाटत नाही. सकाळी प्रार्थनेला बसले तर शब्दच सुचेनात, म्हणून नुसतीच बसून राहिले.

जुनं कार्ड मी कापून टाकलंय. पाळकांच्या बायकोला सांगितलंय, की या रविवारी आमच्या नावापुढे वीस डॉलरच वाचायला सांगा. ती म्हणाली, "अगं, सगळ्यांसमोर?" म्हटलं, हो, सगळ्यांसमोर.

आपलं नाव वाचतील तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसलेले असाल ना, एवढंच सांगा.

सेलेपा