एक ओळ मराठीत

जोगेश्वरी,
२१ फेब्रुवारी १९८५

प्रिय शकु,

शाळेपासून आपण एकमेकींना इंग्रजीतच लिहीत आलो, म्हणून आज मराठी अक्षर बघून तुला नवल वाटेल. इंग्रजीत सगळं फार नीटनेटकं होतं गं.

माझ्या मानेतल्या गाठीचं विचारतेस. ती काढून तपासली. लिम्फोमा निघाला, झपाट्याने वाढणारा. तो हाडात उतरलाय का ते बघायला कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. जागा बधिर करतात, तरी ओढताना पायापर्यंत कळ जाते. मी मनात शाळेतल्या सिस्टर आग्नेसची प्रार्थना म्हणत राहिले आणि मध्येच अडले. तू असतीस तर पुढचा शब्द कुजबुजली असतीस.

पेशंटला हॉस्पिटलात काही सांगत नाहीत. पण तरुण डॉक्टरला मी इंग्रजीत विचारलं, तर तो बोलून गेला. मगज स्वच्छ असेल तर दहातले चार-पाच बरे होतात, नसेल तर एक-दोन.

आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. हे मराठी सातवी शिकलेले, त्यामुळे विजेच्या नोटिशीपासून लग्नपत्रिकेपर्यंत इंग्रजी कागद आला की माझ्या हातात. मंगळवारी हॉस्पिटलातून आणलेला रिपोर्टही तसाच दिला. "बघ गं, काय लिवलंय." दोन्ही बाजूंच्या मगजात आजार होता. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, हाड स्वच्छ आहे. "मग झकास," म्हणाले, आणि चपला घालून गुंफेतल्या देवीला नारळ फोडून आले. त्याच नारळाची मी सोलकढी केली.

आज सुईची जखम दाखवायला एकटीच गेले. नर्स म्हणाली, तुमच्या मिस्टरांना डॉक्टरांनी मंगळवारीच सगळं मराठीत समजावलं. अर्धा तास बाकावर बसून होते, पाणीसुद्धा घेतलं नाही.

पस्तीस वर्षं आरेच्या गोठ्यांवर काढली यांनी. म्हैस जगणार नाही, हे मालकाच्या तोंडावर सांगणारा माणूस. मला सांगणं मात्र यांना जमेना, म्हणून कागद दिला. मी खोटं वाचलं, तर तेही जपलं. आता आम्ही दोघं हसतखेळत असतो. कालच म्हणाले, मे महिन्यात गोराईला जाऊ. मला सांगायचं असतं की भीती वाटते. तोंड उघडलं की भाजीचं बोलते.

सोमवारपासून इंजेक्शनं सुरू होतील. त्यांनी काय व्हायचं ते होईल. पण हे असं एकेकटं नको. म्हणून लिहितेय. उत्तर नेहमीसारखं इंग्रजीत लिही, तुझ्या गुडघ्यांचं, नातवंडांचं. फक्त खाली एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात: भावोजी, प्रेमाला सगळं ठाऊक आहे, आणि तुम्हालाही आहे हे तिला कळलंय. आलेलं पत्र हेच आधी उघडतात. त्यात वाचता येण्यासारखं काही आहे का बघतात, आणि मग माझ्याकडे देतात.

तुझीच,
प्रेमा