मागच्या टाकीतली मादी

दादा,

तुझ्या मत्स्यबीज केंद्राचं नवं पत्रक वहिनीनं पाठवलं. वर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नर’, खाली हातात मासा धरून तू.

पिल्लांना एकवीस दिवस हार्मोनचं खाद्य दिलं की मादी व्हायची तीही नर होते आणि अंड्यांत ताकद न घालवता भराभर वाढते, हे तुला मीच शिकवलं. मात्रा दुप्पट केली तर वाढ खुंटते, हेही बजावलं होतं. तू म्हणालास, “जास्त घातलं की जास्त वाढणार. तू गुमान कालव.” मी कालवलं. चार महिन्यांनी मासे बोटाएवढेच राहिले, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, “बहिणीनं घोळ घातला.” आई शेजारी उभी होती, म्हणून मी गिळलं. दुसऱ्या दिवशी तू मला घरी बसवलंस.

मागच्या टाकीत मी थोडी पिल्लं औषधाशिवाय वाढवली होती, हे तुला कधी बोलले नाही. मी निघाले तेव्हा ती वीतभर झाली होती.

फोटोतला मासा त्याच टाकीतला आहे. गळा फुगलाय, जबडा घट्ट मिटलाय. या जातीची मादी अंडी तोंडात उबवते, दादा. ‘शंभर टक्के नर’ म्हणून तू जिला मिरवतोयस, तिचं तोंड अंड्यांनी भरलंय.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. एखादं जाणकार गिऱ्हाईक फोटो बघून हसेलच. तेव्हा घोळ कुणी घातला म्हणून सांगशील? मी तर आता तिथे नाही.

तुझी,
घोळ घालणारी बहीण